टॉवेलखालचा भाव

"हात दे," एवढंच ते म्हणायचे. आपण हात पुढे करेपर्यंत त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल आपल्या मनगटावर येऊन पडलेला असायचा.

माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मी एसटी स्टँडवर उभा होतो. मामांनी मला तिथंच गाठलं, टॉवेल टाकला आणि त्याखाली माझी बोटं धरून विचारलं, "किती?" मी तोंडाने सांगायला लागलो तशी त्यांनी मान हलवली. "बोलायचं न्हाई. दाब." मी घाबरत घाबरत माझे टक्के त्यांच्या बोटांवर दाबले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. टॉवेल झटकून त्यांनी परत खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "माल चांगला हाय. बापाला म्हनावं, पुढं शिकव."

आमच्या घरात तोवर दहावीपलीकडे कोणी गेलेलं नव्हतं. वडिलांना शिक्षणातलं काही कळत नव्हतं, पण मामांनी माल चांगला म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही. मामांची नजर चुकत नाही, असं साऱ्या कर्जत तालुक्यात मानलं जायचं. फक्त ती नजर बैलांसाठी होती.

तुम्ही कधी बैलबाजारात गेला असाल तर हे पाहिलं असेल. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये एक दलाल उभा असतो. तो टॉवेलखाली एकाचा हात धरतो, मग दुसऱ्याचा. कोणत्या बोटाला किती, कुठल्या पेराला किती, हे ठरलेलं असतं. आजूबाजूला माणसं खेटून उभी असतात, पण भाव कोणालाच ऐकू येत नाही. दिसतो तो हलणारा टॉवेल आणि तीन निर्विकार चेहरे. मामा असे दलाल होते. ते काही माझे मामा नव्हते. त्यांच्या बहिणीचा मुलगा ओंकार त्यांना मामा म्हणायचा, म्हणून सगळा गाव म्हणायचा.

आकडा तोंडाने उच्चारायचा नाही, ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की ती बाजारापुरती राहिली नव्हती. किराणा दुकानात साखर किती हवी हेही ते दुकानदाराचा हात धरून सांगत. एकदा सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसातून बिड्या किती? मामांनी टॉवेल काढला. बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. मी सोबत होतो, म्हणून पुढचं निभावलं. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "एवढ्या माणसांत इचारत्यात. भाव बोलायचा नसतो, दाबायचा असतो. बोललेला आकडा परत तोंडात घालता येत न्हाई."

त्यांची आणखी एक रीत होती. सौदा जुळला नाही पण तुटलाही नाही, असं झालं की ते टॉवेलच्या एका टोकाला गाठ मारत. पुढच्या बाजारी सौदा पुरा झाला की सगळ्यांसमोर गाठ सोडत. गाठ फार दिवस राहिलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

कॉलेजची तीन वर्षं मी बाजाराच्या दिवशी त्यांच्या टेम्पोतून कर्जतला गेलो. पुढे ड्रायव्हर आणि मामा, मागे दोन-तीन बैल आणि मी. बैलांच्या शेपटीपासून वह्या वाचवत मी इंग्रजीच्या कविता पाठ केल्या. वर्गात माझ्या शेजारी कोणी चटकन बसत नसे. पण तीन वर्षांत मामांनी माझ्याकडून भाडं घेतलं नाही आणि ते घेत नाहीत हेही कधी बोलून दाखवलं नाही. बी.ए. झालो त्या दिवसापासून त्यांनी मला "अरे" म्हणणं सोडलं. मला नोकरी लागायला अजून अवकाश होता, तरी त्यांच्यासाठी मी "मास्तर" झालो. पुढे गावच्याच हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायला लागलो, तेव्हा त्यांनी सगळ्या बाजाराला सांगितलं की हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

ओंकारचे वडील तो लहान असतानाच गेले. आक्का, म्हणजे त्याची आई, भावाच्या आधाराने राहायला आली. टेम्पोतून कडबा उतरवताना मामा वरून पेंढ्या फेकायचे आणि खाली ओंकार झेलायचा. उजवीकडे फेका, डावीकडे फेका, पेंढी जमिनीवर पडू द्यायचा नाही. मामा मुद्दाम वाकडी फेकायचे. तो आडवा झेपावून धरायचा आणि आक्का ओट्यावरून ओरडायची, "अरं, पोराचं थोबाड फोडशील."

पुढे तो नगरला वसतिगृहात शिकायला गेला. तिथल्या मैदानावर फुटबॉलच्या एका कोचनी त्याला पाहिलं आणि गोलमध्ये उभं केलं. बाकीची मुलं पायाने खेळतात आणि आपला ओंकार हाताने, याचं मामांना फार बरं वाटायचं. "हाताचा खेळ हाय त्याचा," ते सांगायचे. "घराण्यातच हाय."

सतराव्या वर्षी ओंकारला समुद्रकाठच्या एका शहरातल्या मोठ्या क्लबकडून बोलावणं आलं. तीन हंगामांचा करार. कागद इंग्रजीत होते, म्हणून मामा ते घेऊन माझ्याकडे आले. आमच्या शाळेच्या वर्गात एका बाकावर मी आणि पुढच्या बाकावर उलटे वळून मामा, असे आम्ही बसलो. पगार, राहणं, जेवण, दुखापत, सगळं नीट होतं. मग एक कलम आलं, जे मला स्वतःलाच कळेना. मी नगरच्या कोचना फोन केला. ते म्हणाले, "ते मीच मागून घातलंय. ते पोराचं दार आहे. आकडा कमी आहे, तसाच राहू द्या."

मी मामांना समजावून सांगितलं. करार असेपर्यंत खेळाडू या क्लबचा. दुसऱ्या क्लबला तो हवा असेल तर या क्लबला विचारावं लागतं आणि हा क्लब नाही म्हणू शकतो. पण करारात सुटकेचा एक आकडा लिहून ठेवलेला असतो. दुसऱ्या क्लबने तेवढी रक्कम पूर्ण भरली, तर मात्र याला नाही म्हणता येत नाही. खेळाडूची इच्छा असेल तर तो जायला मोकळा.

"आनि थोडं कमी भरलं तर?"

"मग या क्लबची मर्जी. सोडला तर सोडला."

"पैसं पोराला?"

"नाही. क्लबला."

"म्हंजे ही बैलाच्या दाव्याची गाठ हाय," मामा म्हणाले. मला वाटलं, त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळलं. मग त्यांनी आकडा विचारला. मी सवयीने हात पुढे केला आणि टॉवेलखाली तो त्यांना सांगितला. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच हललेला मी पाहिला.

"एवढाच?"

"मामा, कमी असलेलाच बरा. आकडा कमी तर दार हलकं. उद्या कोणालाही उघडता येईल."

"हलकं दार कुनाच्या घराला असतं, मास्तर?"

सही करायला क्लबचे एक साहेब नगरला आले. मूळचे कोल्हापूरचे, बोलायला मोकळे. एका हॉटेलात खालच्या मजल्यावर आम्ही भेटलो. आक्का नवं लुगडं नेसून आली होती, ओंकार खुर्चीच्या कडेवर बसला होता. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्या कलमावर बोट ठेवलं.

"साहेब, हे वाढवा."

साहेब हसले. "मामा, कमी आहे तेच तुमच्या मुलाच्या फायद्याचं आहे."

मामांनी माझ्याकडे पाहून डोळा बारीक केला. जन्मभर ते हेच ऐकत आले होते. घेणारा नेहमीच सांगतो, कमी ठेवा, तुमच्याच फायद्याचं आहे. बैलाच्या पाठीवर हात फिरवत, दात बघत, नाक मुरडत हेच सांगतो. आणि चांगल्या बैलाचा मालक काय करतो? तिप्पट सांगतो. मग घासाघीस होते, उतरता उतरता योग्य जागी येतं. तिप्पट सांगितलं नाही तर लोकांना वाटतं, बैलात काहीतरी खोट आहे. हा बाजाराचा धडा होता आणि तो कधी चुकला नव्हता.

त्यांनी टॉवेल काढला, टेबलावरून साहेबांच्या हाताकडे नेला. साहेब तेवढ्यात पेन शोधत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. टॉवेल टेबलावर पडून राहिला. मामांनी आकडा तोंडाने सांगितला. मोठ्याने, सगळ्यांसमोर. साहेबांनी लिहिला होता त्याच्या तिप्पट.

मी म्हणालो, "मामा, हा उतरत नाही. लिहिला की लिहिला." हे मी दोनदा म्हणालो. कोचना परत फोन लावू का, हेही विचारलं. आक्का म्हणाली, "दादा, ते शिकल्यालं हायेत, ऐक की त्यांचं." मामा म्हणाले, "आमचं पोर एवढं सस्त न्हाई, आक्का. उद्या लोक कागद बघत्याल."

साहेब फोनवर वरिष्ठांशी बोलायला बाहेर गेले आणि चहा येण्याच्या आत परत आले. "वाढवायला आमची काहीच हरकत नाही," ते म्हणाले. आक्काने सही केली. साहेबांनी मामांचा हात हातात घेतला. साधाच, टॉवेलशिवाय.

पुढच्या शनिवारी बाजारात मामांनी तो आकडा कोणालाही सांगितला नाही. म्हणजे तोंडाने नाही. एकेका दलालाला बाजूला घेऊन, टॉवेल टाकून, त्यांनी तो सगळ्या बाजाराच्या बोटांवर दाबला. दुपारपर्यंत जनावरांच्या दावणींमधून फिरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या भुवया वर गेलेल्या होत्या. "मामा, एवढ्या पैशात तर सगळा बाजार उठंल," एक जण म्हणाला. "उठू दे की," मामा म्हणाले.

पहिलं वर्ष तसंच गेलं. नवा मुलगा आहे, शिकतोय, असं आम्ही म्हणायचो. सामना असला की मामा माझ्या घरी येत आणि मोबाईलवर आम्ही दोघं बघत बसायचो. ओंकार कधी दिसायचा तर खेळाडू मैदानात येताना, नाहीतर कॅमेरा बाकावरून फिरताना. "तो बघा, तो बघा," मामा म्हणायचे, आणि तेवढ्यात कॅमेरा पुढे गेलेला असायचा.

बाकीच्या जागांचं वेगळं असतं. कोणी दमतं, कोणी लंगडतं, बदली खेळाडूला शेवटची काही मिनिटं तरी मिळतात. गोलरक्षक एकच. पहिला धडधाकट असेल तर दुसऱ्याने फक्त बसायचं. पहिला धडधाकट नसावा असं मनात येऊ द्यायचं नाही आणि तरी ते येतं, असं ओंकार मला एकदा फोनवर म्हणाला होता.

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत, म्हणजे खेळाडू इकडून तिकडे जाण्याची मुदत उघडली तेव्हा, त्याचा फोन आला. आवाज कितीतरी दिवसांनी मोठा होता. ईशान्येकडच्या डोंगरातल्या एका क्लबला तो हवा होता. पहिला गोलरक्षक म्हणून. त्यांनी रक्कमही सांगितली होती. मी ती जुन्या आकड्याशी ताडून पाहिली. कोचनी आधी लिहून घेतला होता त्या आकड्याहून ती थोडी जास्तच होती. मामांनी सांगितलेल्या आकड्याच्या निम्मीही नव्हती.

ओंकारचा क्लब म्हणाला, पूर्ण आकडा आणा, आम्ही अडवणार नाही. आणि कमी पैशात सोडायला ते बांधलेले नव्हते.

मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते बैलाच्या शिंगांना तेल लावत होते. हात थांबला नाही. दोन्ही शिंगं पूर्ण झाल्यावर म्हणाले, "जाऊ आपुन. बोलून उतरवू. सौदा तोंडासमोर हुतो, फोनवर हुत न्हाई."

रात्रभराच्या प्रवासाने आम्ही त्या शहरात उतरलो. मामांनी धुतलेला टॉवेल पिशवीतून काढून खांद्यावर टाकला. क्लबच्या मैदानाला उंच जाळीचं कुंपण होतं. आत सराव चालला होता. एक गोलरक्षक गोलमध्ये उभा होता आणि ओंकार त्याच्यासमोर उभा राहून त्याला चेंडू मारत होता. कधी उजवीकडे, कधी डावीकडे, कधी मुद्दाम वाकडा.

मामांनी कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवली. "ह्यो खेळतोय का त्याला खेळवतोय?"

"खेळवतोय."

"रोज?"

"रोज, मामा. दुसऱ्या गोलरक्षकाचं हेच काम असतं."

"वरनं पेंढ्या टाकायचं काम," मामा म्हणाले.

ऑफिसात तेच कोल्हापूरचे साहेब होते. त्यांनी मामांना ओळखलं, चहा मागवला. मामा खुर्चीत पूर्ण टेकले नाहीत. "साहेब, हात द्या," म्हणाले.

या वेळी साहेबांचं लक्ष होतं. त्यांच्या आजोबांचा म्हशींचा व्यवहार होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी बाही वर सारून हात पुढे केला. टॉवेल पडला. काचेच्या भिंतीपलीकडे बसलेली मुलं माना वर करून बघायला लागली. टॉवेल हलला, थांबला, परत हलला.

"मामा, हा तर मी पहिल्यांदा लिहून आणलेला आकडा आहे," साहेब हळू म्हणाले.

"व्हय."

"तो तेव्हा होता. आता आकडा खाली आणायचा तर दोन्हीकडच्या सह्या लागतात. तुमची मिळेल. आमच्या वरच्यांची मिळणार नाही. पहिल्या गोलरक्षकाचा खांदा अधूनमधून दुखतो. दुसरा तयार हवा."

"मग खेळवा तरी त्याला."

"ते कोचच्या हातात."

"म्हंजे औताला जुपायचा न्हाई आनि दावनीचा सोडायचा बी न्हाई."

साहेबांनी टॉवेलखालचा हात काढून घेतला नाही. शेवटी मामांनीच आपला हात मागे घेतला आणि टॉवेल गोळा केला. मग ते साहेबांना म्हणाले, "तवा तुमी खरं बोलत हुता."

"हो, मामा."

"घेनारा खरं बोलतो, हे मला म्हाईत नव्हतं."

ओंकार फाटकापाशी भेटला. त्याने दोघांच्या पाया पडून आम्हाला कँटीनमध्ये नेलं. तो मामांना एक शब्द वाकडा बोलला नाही. "पगार येळंवर हुतो, जेवान चांगलं हाय," म्हणाला. मामा त्याचे हात उलटेपालटे करून बघत होते. बोटं मोठी झाली होती, तळवे मऊ. "वैरन तर बैलाला बी चांगलीच असती," ते म्हणाले. ओंकार हसला. मामा हसले नाहीत.

परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी टॉवेलच्या टोकाला गाठ मारली. घट्ट, दातांनी ओढून. मग वाटेत एकच वाक्य म्हणाले, तेच पुढे मी कितीतरी वेळा ऐकलं. "त्यानं लगीच व्हय म्हनलं, मास्तर. चा यायच्या आत. तितंच कळाया पायजे हुतं. घेनारा लगीच व्हय म्हनला की समजायचं, आपला आकडा त्याच्या सोयीचा हाय."

डोंगरातल्या क्लबने मुदत संपायच्या आत दुसरा मुलगा घेतला.

बाजार विसरत नाही. ज्यांच्या बोटांवर मामांनी तो आकडा दाबला होता, त्यांच्या सगळ्यांच्या लक्षात होता. "मामा, भाच्याची दावन सुटली का?" कोणीतरी दर शनिवारी विचारायचं. एकाने एकदा स्वतःचाच टॉवेल मामांच्या हातावर टाकून विचारलं, "बोला, किती?" लोक हसले. मामांनी टॉवेल नीट घडी करून त्याला परत दिला.

त्यानंतर त्यांच्यात एक बदल झाला. जामखेडकडचा एक शेतकरी एकदा खिलारी बैल घेऊन आला होता. पांढराशुभ्र, शिंगं सरळ. त्याने मामांच्या हातात आपला भाव दाबला. मामा म्हणाले, "कमी म्हन."

"का? खोट हाय का त्याच्यात?"

"न्हाई. म्हनून तर म्हनतो. कमी म्हन, आज चांगल्या घरी जाईल. जास्तीचा आकडा धरून बसशील तर तुझ्याच दावनीला बसून राहील."

शेतकरी तापला. "मामा, तुमी इकनाऱ्याचं का घेनाऱ्याचं?"

मामांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "मी बैलाचा," म्हणाले.

असा दलाल कोणाला हवा असतो? विकणारे त्यांच्याकडे यायचे थांबले. घेणाऱ्यांनाही त्यांचा संशय यायला लागला. मामा शनिवारी जायचे, लिंबाखाली बसायचे, संध्याकाळी परत यायचे. टॉवेल खांद्यावर असायचा. आक्का तो गाठीसकट धुवायची. एकदा तिने गाठ सोडायला घेतली तेव्हा मामांनी तिच्या हातातून टॉवेल काढून घेतला. "सौदा पुरा झाला न्हाई," एवढंच म्हणाले.

एका बाजूने बघितलं तर ओंकारचं काही वाईट चाललं नव्हतं. पक्की नोकरी म्हणावी असं होतं. गावातली पोरं त्याच्या बुटांचे फोटो बघून हरखायची. पण तिसऱ्या वर्षी त्याने घरी फोन करणं कमी केलं. मला म्हणाला, "सर, लोकांना काय सांगू? बरा हाय म्हनून सांगतो. पन माझ्याकडं शॉट मारल्याला आता आठवत न्हाई. मीच मारतोय."

त्या हिवाळ्यात मामांच्या छातीत दुखायला लागलं. नगरला नेऊन आणलं. बसच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं होतं आणि कंडक्टर नगर, नगर ओरडत होता. मामा म्हणाले, "कागदावर काय बी लिव्हू द्या, माणसं पयलंच बोलत्यात. आमचंच तेवढं कागदावर राहिलं." घरी आणल्यावर ते अंगणात बाजेवर पडून असायचे. मी शाळा सुटली की जायचो. गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "सुटला का?"

"मे महिन्यात करार संपतो, मामा. मग आकडा नाही, काही नाही. तो मोकळा."

"किती ऱ्हायलं?"

मी तोंड उघडलं तसा त्यांनी टॉवेल माझ्या हातावर ओढला. मी त्यांची पाच बोटं दाबली. पाच महिने. त्यांनी जरा वेळ घेतला आणि माझी तीन बोटं दाबली. मी परत पाच दाबली. त्यांनी परत तीन. मग चार. मी काय करणार? मी पाचच दाबली.

"घासाघीस तुमाला जमत न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "एक तरी सोडायचा."

ते गेले तेव्हा थंडी होती आणि बाजाराचा दिवस होता. ओंकारचा संघ त्या दिवशी दूर पूर्वेला सामना खेळत होता. म्हणजे संघ खेळत होता. ओंकार बाकावर होता. सामना संपल्यावर त्याला निरोप मिळाला. तो पोचला तेव्हा राख सावडायची वेळ झाली होती. बाजेवर मामांचा टॉवेल घडी करून ठेवलेला होता, तो त्याने उचलला आणि आक्काला विचारलं, "ह्यो मी नेऊ?"

मे महिना आला. करार संपला. कोणी काही भरलं नाही, कोणी काही मागितलं नाही, नुसता एक दिवस गेला आणि तो मोकळा झाला. मोठ्या क्लबांपैकी कोणी विचारायला आलं नाही. तीन वर्षं न खेळलेला गोलरक्षक, त्याला कोण विचारणार? शेवटी खालच्या पातळीवरच्या लीगमधल्या एका लहान क्लबने घेतलं. सही करायच्या आधी त्याने मला फोन केला. "सर, ते कलम घालायचं का म्हनून इचारत्यात. कितीचं घालू?"

"तुला काय वाटतं?"

"कोल्हापूरच्या सायबांनी पयल्यांदा लिव्हला हुता, तेवढा घालतो." मग म्हणाला, "मामा असते तर आता तेवढाच म्हनले असते न्हवं?"

मी हो म्हणालो. मला ते नक्की माहीत होतं.

त्याचा पहिला सामना मी एका शनिवारी बाजारात, लिंबाखाली बसून मोबाईलवर पाहिला. मुद्दाम तिथं गेलो होतो. मामांच्या जागी कोणी बसलेलं नव्हतं, तिथं एक वासरू बांधलेलं होतं. दोन-तीन दलाल येऊन माझ्या खांद्यावरून बघू लागले. मैदान लहान होतं, प्रेक्षक थोडे होते, चित्र अधूनमधून अडकत होतं. ओंकार गोलमध्ये उभा होता. एकटाच, जसा गोलरक्षक असतो. पहिला फटका आला तो उजवीकडे, खाली, वाकडा. तो आडवा झेपावला आणि त्याने चेंडू छातीशी धरला. माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "पेंढी धरली बघा."

तो उठला, चेंडू लांब मारला, मागे वळला आणि हातमोजे पुसायला गोलच्या जाळीपाशी गेला. तिथं टॉवेल लटकत होता. सगळेच गोलरक्षक टॉवेल ठेवतात. हा मळकट पांढरा होता आणि एक टोक जाळीत घुसलेलं होतं. मागे उभे असलेले दलाल मोबाईलवर आणखी वाकले. त्यांनी तो ओळखला होता. त्यांच्या सगळ्यांच्या हातांवर तो कधी ना कधी पडलेला होता.

संध्याकाळी मी फोन केला. खेळाचं बोलून झाल्यावर विचारलं, "गाठ सोडलीस का रे?"

"न्हाई, सर," ओंकार म्हणाला. "गाठ हाय म्हनून तर जाळीत अडकून ऱ्हातो. सोडली तर पडतो."